सीपीयू चढतो म्हणून बीजीपी पडतं की बीजीपी पडतं म्हणून सीपीयू चढतो?

बीजीपी सारखं का पडतं असं तुम्ही विचारलंय, तर तुमचा सेटअप आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं समजेल. (बीजीपी म्हणजे कुठला पत्ता कुठल्या रस्त्यानं गाठायचा हे नेटवर्क एकमेकांना सांगतात ती भाषा, असा एकेक रस्ता म्हणजे रूट, आणि दोन राउटरांमधलं चालू बोलणं म्हणजे सेशन.) तालुक्याच्या गावातला आयएसपी, मायक्रोटिकचा सीसीआर१०३६, राउटरओएस ६, दोन अपस्ट्रीमकडून (ज्यांच्याकडून इंटरनेट विकत घेता त्या मोठ्या कंपन्या) फुल टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटचे रूट, शिवाय मुंबईत निक्सी या इंटरनेट एक्स्चेंजवर पीअरिंग, म्हणजे इतर नेटवर्कांशी थेट जोडणी, आणि त्याच एका डब्यावर पीपीपीओईनं (यूजरनेम-पासवर्डनं) लॉगिन करणारे हजारभर ग्राहक, नॅट (खाजगी आयपीचा पब्लिक आयपी करणं), क्यू (ग्राहकाच्या स्पीडची मर्यादा), सगळंच. तक्रार अशी की बीजीपी दिवसातून चार-पाच वेळा पडतं, गावातली लाइट गेली-आली की तर हमखास, सीपीयूचा ग्राफ मात्र ४० टक्क्यांच्या वर जात नाही, दोन्ही अपस्ट्रीम म्हणतात आमच्याकडून ओके, आणि रिबूट मारला की एक-दोन दिवस बरं चालतं.

यातल्या दोनच गोष्टी धरून बसा, बाकी सध्या बाजूला ठेवा. एक, लाइट. दुसरी, ग्राफ ४० वर असताना पडणारं सेशन. माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे, पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून कॉन्फिग बदलू नका, आधी स्वतः बघा.

ग्राफ का फसवतो ते बघा. या राउटरला ३६ कोअर आहेत, पण राउटरओएस ६ मध्ये रूटिंगची प्रोसेस, म्हणजे बीजीपी, ओएसपीएफ (आपल्याच आतल्या राउटरांमधली रूटची देवाणघेवाण), कुठला रूट घ्यायचा हे ठरवणं, हे सगळं एकाच कोअरवर चालतं. तो एक कोअर पूर्ण १०० टक्के भरला तरी एकूण सीपीयूत त्याचा वाटा पावणेतीन टक्के, त्यामुळे ग्राफवर तो दिसणारच नाही. जे ४० टक्के दिसतात ते उरलेल्या कोअरांवरचं पॅकेट ढकलायचं काम आहे, क्यू, फायरवॉल, पीपीपीओई वगैरे, त्याचा बीजीपीशी थेट संबंध नाही. म्हणून विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) टूल्सखाली प्रोफाइल उघडा, सीपीयूच्या खान्यात ऑल करा (टर्मिनलवर 'टूल प्रोफाइल सीपीयू=ऑल') आणि 'रूटिंग' नावाची ओळ कुठल्या कोअरवर किती आहे ते बघत बसा. लाइट जाते त्या वेळीच बघा, दुपारी निवांत असताना बघून काही उपयोग नाही. एखादा कोअर सलग काही मिनिटं शंभरवर चिकटलेला दिसला की पुढचं वाचा, आणि तिथं रूटिंगऐवजी डीएनएस किंवा फायरवॉल वर दिसलं तर खाली त्याचंही लिहिलंय.

आता मुख्य अडचण. सीपीयू भरला की कीपअलाइव्ह ('मी जिवंत आहे' असा ठरावीक वेळानं जाणारा निरोप) वेळेत जात नाही आणि सेशन पडतं हे खरं, पण सेशन पडलं की त्या अपस्ट्रीमचे दहा लाखांच्या आसपास रूट एका दमात काढायचे, दुसऱ्याचे निवडायचे, मग सेशन परत आलं की तेच दहा लाख पुन्हा घ्यायचे, प्रत्येक रूट तुमच्या फिल्टरच्या (कुठले रूट घ्यायचे-द्यायचे याचे नियम) सगळ्या ओळींतून जाणार, त्यामुळे सेशन पडलं की सीपीयू भरतो हेही तितकंच खरं. ते काम चालू असताना दुसऱ्या अपस्ट्रीमचं कीपअलाइव्ह चुकलं की तेही पडतं. एकदा हे चक्र सुरू झालं की दोन्ही गोष्टी एकत्रच दिसतात आणि मग माणूस अपस्ट्रीमशी भांडत बसतो. पाच मिनिटांच्या ग्राफवरून आधी काय झालं ते कधीच कळणार नाही, ते लॉगवरूनच कळतं, सेकंदांच्या हिशेबात.

त्यासाठी तीन गोष्टी आजच करा. एनटीपी लावा म्हणजे घड्याळ बरोबर राहील आणि अपस्ट्रीमच्या लॉगशी तुमचा लॉग जुळवता येईल. लॉगिंगमध्ये बीजीपी, रूट आणि पीपीपी हे टॉपिक चालू करा. आणि लॉग बाहेरच्या सिसलॉग मशीनवर पाठवा, जुना पीसी चालेल, कारण राउटरच्या मेमरीत डिफॉल्टला हजार ओळीच राहतात, आणि हजार ग्राहक एकदम तुटले की त्या हजार ओळी मिनिटभरात भरून जातात आणि तुम्हाला हवी असलेली नेमकी पहिली ओळ पुसली जाते. रिबूट मारल्यावर तर सगळंच जातं. रिबूटनं दोन दिवस बरं वाटतं त्यामागेही हेच आहे, दुरुस्त काहीच होत नाही, पुढची लाइट जाईपर्यंतचा वेळ मिळतो फक्त, आणि बदल्यात पुरावा जातो. तेव्हा रिबूट बंद.

लॉगमध्ये काय शोधायचं? सेशन पडताना बीजीपी एक नोटिफिकेशन पाठवतं, त्यात कारणाचा कोड असतो. कोड ४ म्हणजे होल्ड टाइमर संपला, ठरलेल्या वेळात (होल्ड टाइम) समोरून काहीच आलं नाही. कोड ६ म्हणजे सीझ, समोरच्यानं किंवा तुम्ही जाणूनबुजून बंद केलंय, त्यातला ६/१ म्हणजे मॅक्स प्रीफिक्सची (जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे याची) मर्यादा ओलांडली, ६/२ म्हणजे ॲडमिननं शटडाउन केलं. पण कोडपेक्षा महत्त्वाचं हे की नोटिफिकेशन पाठवलं कुणी. अपस्ट्रीमकडून 'होल्ड टाइमर एक्स्पायर्ड' आलं असेल तर तुमचे कीपअलाइव्ह त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत, म्हणजे तुमचा राउटर पाठवू शकला नाही किंवा मधली लिंक खराब. तुम्ही पाठवलं असेल तर त्यांचे पोचले नाहीत, किंवा पोचले पण तुमच्या भरलेल्या कोअरला ते वाचायला वेळ मिळाला नाही. अपस्ट्रीमच्या एनओसीला (नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमला) मेल करताना 'तुमचं बीजीपी सारखं पडतंय' असं लिहू नका, वेळ सेकंदासह, कोड, आणि कुणी कुणाला पाठवला, एवढं लिहा, उत्तराचा सूरच बदलतो.

लाइट जाते तेव्हा राउटरमध्ये काय होतं हे आता जरा सावकाश बघू, कारण सगळं इथंच आहे. फीडर (गावाची वीजवाहिनी) बंद झाला, चारशे घरांतले ओएनटी (घरातला फायबरचा डबा) एकदम बंद. पीपीपीओई सर्व्हर थोडा वेळ उत्तराची वाट बघतो, डिफॉल्ट दहा सेकंद, आणि मग चारशे सेशन जवळजवळ एकाच वेळी तोडतो. प्रत्येक सेशनबरोबर एक डायनॅमिक इंटरफेस जातो, एक क्यू जाते, आणि एक /३२ चा, म्हणजे एकाच आयपीचा, कनेक्टेड रूट जातो. असा रूट आला-गेला की रूटिंग प्रोसेसला आपले नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर कुठला ते) पुन्हा तपासावे लागतात, आणि टेबलात दोन अपस्ट्रीमचे मिळून वीस लाख रूट असताना हे काम हलकं नसतं. वीस मिनिटांनी लाइट आली की तेच उलट्या दिशेनं, तेही जास्त जोरात, कारण सगळे ओएनटी एकदम बूट होतात आणि सगळ्यांना त्याच अर्ध्या मिनिटात लॉगिन करायचं असतं. एवढ्यात तो एक कोअर भरतो, बीजीपीचा कीपअलाइव्ह रांगेत अडकतो, होल्ड टाइम संपतो, आणि मग वर सांगितलेलं दहा लाखांचं चक्र.

यावर मीठ चोळणारी एक सेटिंग असते आणि ती तुमच्याकडे आहे का ते ताबडतोब बघा. बीजीपी इन्स्टन्समध्ये 'रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड'ला टिक, म्हणजे राउटरला थेट जोडलेले सगळे रूट आपोआप बीजीपीत टाकणं. बरेच जण सुरुवातीला आपला ब्लॉक (आपल्या पब्लिक आयपींचा गट) जाहीर व्हावा म्हणून ती टिक मारतात आणि तशीच राहते. ती असेल तर प्रत्येक ग्राहकाचं येणं-जाणं हा बीजीपीसाठी एक अपडेट होतो. अपस्ट्रीम /२४ (२५६ आयपी) पेक्षा लहान काही घेत नाही म्हणून बाहेर काही दिसत नाही, पण तुमच्या राउटरला ते तयार करून आउट फिल्टरमधून न्यावंच लागतं. तीच गोष्ट ओएसपीएफची, पीपीपीओईचे /३२ ओएसपीएफमध्ये जात असतील तर लाइट गेल्यावर तुमच्या आतल्या प्रत्येक राउटरवर एलएसएचा (ओएसपीएफच्या बदल कळवणाऱ्या निरोपांचा) पूर येतो. दोन्हीकडची टिक काढायची, पण शेवटी दिलेल्या क्रमानंच.

टिक काढली की ब्लॉक जाहीर कसा करायचा? नेटवर्कमध्ये तुमचा /२२ किंवा त्यातले /२४ लिहा, आणि त्याच आकाराचा ब्लॅकहोल रूट (त्यावर आलेलं पॅकेट गुपचूप टाकून देणारा) टाका, उदाहरणार्थ 'आयपी रूट ॲड डीएसटी-ॲड्रेस=२०३.०.११३.०/२४ टाइप=ब्लॅकहोल', अर्थात तिथं तुमचा ब्लॉक. हा रूट कुठल्या इंटरफेसवर अवलंबून नाही, त्यामुळे गावात काहीही होवो, जगाला दिसणारी तुमची जाहिरात हलत नाही. ग्राहकांचे /३२ जास्त बारीक असल्यामुळे त्यांचं ट्रॅफिक ब्लॅकहोलमध्ये जाणार नाही. नॅटसाठी वापरलेल्या पब्लिक आयपींचं काय, अशी शंका येते, पण परत येणाऱ्या पॅकेटचा पत्ता रूटिंगच्या आधीच बदलला जातो, म्हणून तेही बिनधास्त.

ब्लॅकहोलचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते छोट्या आयएसपींत तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. तुमच्या ब्लॉकमधले सगळे आयपी वापरात नसतात. बाहेरचे स्कॅनर मात्र सगळ्यांवर चोवीस तास पॅकेट मारत असतात. वापरात नसलेल्या आयपीचं पॅकेट अपस्ट्रीमकडून तुमच्याकडे येतं, तुमच्याकडे त्याचा बारीक रूट नसतो, तुम्ही बॅकअप म्हणून स्टॅटिक डिफॉल्ट ठेवलेला असतो, म्हणून पॅकेट परत अपस्ट्रीमकडे, तिथून परत तुमच्याकडे, टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांचा आकडा) संपेपर्यंत. एक पॅकेट तुमच्या राउटरमधून वीस-पंचवीस वेळा जातं आणि तेवढीच बँडविड्थही खातं. तपासणी सोपी, मोबाइल डेटावरून तुमच्या एखाद्या रिकाम्या आयपीला ट्रेसरूट (पॅकेटचा रस्ता दाखवणारी कमांड) मारा, शेवटी तुमचा आणि अपस्ट्रीमचा असे दोनच हॉप आलटून पालटून दिसत राहिले तर लूप आहे. ब्लॅकहोल टाकला की त्याच क्षणी बंद.

नॅटमध्ये मास्करेड (इंटरफेसवर जो आयपी असेल तोच आपोआप वापरणारा नॅट) वापरत असाल तर तेही बदला. मास्करेडला बांधलेला इंटरफेस पडला किंवा त्याचा आयपी बदलला की राउटर त्याची सगळी कनेक्शन कनेक्शन टेबलमधून काढून टाकतो, म्हणजे लिंक एकदा लचकली की लाखो नोंदी साफ आणि सगळ्या ग्राहकांची कनेक्शन नव्यानं. तुमचा पब्लिक आयपी ठरलेला आहे, मग एसआरसी-नॅट लावा आणि टू-ॲड्रेसेसमध्ये रेंज द्या.

आता मोठा प्रश्न, फुल टेबल हवंच का. मला प्रामाणिकपणे वाटतं की तुम्हाला नको. फुल टेबल फक्त जाणाऱ्या ट्रॅफिकचा रस्ता ठरवतं, आणि ग्राहकांच्या आयएसपीत जाणारं ट्रॅफिक येणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी असतं. ग्राहक व्हिडिओ बघतो ते सगळं येणारं. येणारं ट्रॅफिक कुठल्या लिंकवरून यावं हे तुम्ही काय जाहीर करता त्यावर ठरतं, एका बाजूला प्रीपेंड (आपला नंबर पुन्हा पुन्हा लावून रस्ता लांब दाखवणं), वेगवेगळे /२४ वेगवेगळ्या बाजूंना, अपस्ट्रीमच्या कम्युनिटी (रूटला चिकटवायच्या सूचनांच्या खुणा), आणि यातल्या कशालाच फुल टेबल लागत नाही. दोन्ही अपस्ट्रीमना मेल करा की आम्हाला डिफॉल्ट आणि फक्त तुमचे व तुमच्या ग्राहकांचे रूट पाठवा. निक्सीचे रूट जसे येतात तसे राहू द्या. टेबल वीस लाखांवरून काही हजारांवर किंवा काही दशहजारांवर येईल आणि सेशन पडलं तरी काही सेकंदांत सावरेल. डिफॉल्ट बीजीपीतूनच घ्या, स्टॅटिक नको, कारण अपस्ट्रीम आतून तुटला आणि तुमची लिंक वर असली तर स्टॅटिक डिफॉल्ट ट्रॅफिक खड्ड्यात टाकत राहतो.

कुणी म्हणेल मी माझ्याच बाजूला फिल्टर लावून नको ते टाकून देतो. मेमरी वाचेल, तीही इन फिल्टरमध्ये रिजेक्टऐवजी डिस्कार्ड दिलं तरच, पण दहा लाख रूट वाचून प्रत्येक फिल्टरमधून काढायचं काम त्या एका कोअरला करावंच लागतं. तात्पुरतं ठीक, कायमचा इलाज नाही.

दुसरा मोठा बदल म्हणजे डबे वेगळे करणं. जुना सीसीआर१०३६ टाकून देऊ नका, पीपीपीओई, क्यू आणि नॅटसाठी तो चांगला आहे कारण ते काम बऱ्याच कोअरांवर वाटलं जातं. बॉर्डरला (अपस्ट्रीमशी जोडणाऱ्या टोकाला) वेगळा राउटर घ्या ज्याचा एकेक कोअर दमदार आहे, राउटरओएस ७ वर चालणारा सीसीआर२००४ किंवा बजेट असेल तर सीसीआर२११६. राउटरओएस ७ मध्ये रूटिंगचं काम एकापेक्षा जास्त कोअरांवर चालतं, बीजीपीच्या कनेक्शनमध्ये ॲफिनिटी देऊन कुठल्या पीअरचं काम कसं वाटायचं तेही ठरवता येतं. पण सध्याच्या चालू डब्यावर ६ वरून ७ वर रात्रीत उडी मारू नका, फिल्टरची भाषाच बदलली आहे, आपोआप बदलून येतात पण एकेक ओळ डोळ्यांनी तपासल्याशिवाय आउट फिल्टरवर भरवसा ठेवायचा नाही. आउट फिल्टर उघडा राहिला आणि एका अपस्ट्रीमचे रूट दुसऱ्याला गेले तर ते फक्त तुमच्यापुरतं राहत नाही.

बॉर्डरवर मग बॉर्डरचंच काम. नॅट नाही, क्यू नाही, पीपीपीओई नाही, कनेक्शन ट्रॅकिंग (कुठलं पॅकेट कुठल्या कनेक्शनचं याची नोंद ठेवणं) बंद. दोन अपस्ट्रीम असले की पॅकेट एकाकडून जातं आणि दुसऱ्याकडून येतं, तिथं ट्रॅकिंग आणि 'इनव्हॅलिड ड्रॉप' ठेवलं तर चांगली पॅकेटही मरतात. ट्रॅकिंग बंद केल्यावर स्टेटवाले नियम चालणार नाहीत हे लक्षात ठेवून इनपुट चेन (राउटरकडेच येणाऱ्या पॅकेटचे नियम) साधी लिहा, टीसीपी १७९ (बीजीपीचा पोर्ट) फक्त पीअरच्या आयपींना, विनबॉक्स आणि एसएसएच फक्त तुमच्या मॅनेजमेंट रेंजला, आयसीएमपीला (पिंग वगैरे) मर्यादा घालून परवानगी, बाकी ड्रॉप. बॉर्डर आणि पीपीपीओईच्या डब्यामध्ये तुमच्या ब्लॉकचा एक स्टॅटिक रूट पुरे. ब्लॅकहोल दोन्हीकडे ठेवा, फक्त बॉर्डरवर त्याचं डिस्टन्स (लहान आकडा आधी निवडला जातो) त्या स्टॅटिक रूटपेक्षा जास्त द्या, आकार सारखाच असल्यानं नाहीतर ब्लॅकहोल जिंकू शकतो.

प्रोफाइलमध्ये रूटिंगऐवजी डीएनएस वर दिसत असेल तर बहुधा 'अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स' चालू आहे आणि डब्ल्यूएएनकडून (बाहेरच्या बाजूनं) यूडीपी ५३ हा डीएनएसचा पोर्ट उघडा आहे, जगभरातले लोक तुमचा राउटर दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरतायत. बंद करा. आणि विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट जगाला उघडा असेल तर तो आत्ता, हे वाचता वाचता बंद करा, २०१८ मध्ये त्यातल्या त्रुटीतून जगभरातले असंख्य राउटर हातचे गेले होते.

काही आजार लांबून अगदी असेच दिसतात पण वेगळे असतात. सेशन वर येतं आणि बरोबर होल्ड टाइम एवढ्याच वेळानं पडतं, बहुधा १८० सेकंद, पुन्हा येतं, पुन्हा तेवढ्याच वेळानं, घड्याळ लावल्यासारखं, तर तो एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) प्रश्न आहे. ओपन (सेशनचा पहिला निरोप) आणि सुरुवातीचा कीपअलाइव्ह लहान असतात, कीपअलाइव्ह तर १९ बाइटचा, ते जातात. मग मोठी अपडेट पॅकेट मधल्या कुठल्या तरी स्विचवर किंवा टनेलवर मरतात, टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं आणि मागचे कीपअलाइव्ह त्याच्यामागे अडकतात. पीअरच्या आयपीला १५०० साइजचा पिंग डू-नॉट-फ्रॅगमेंट (तुकडे करू नका) लावून मारा, जात नसेल तर सापडलं. मायक्रोटिकच्या पिंगमध्ये साइज आयपी हेडर धरून असते, विंडोजच्या पिंगमध्ये तीच १४७२ द्यायची.

लूपबॅकवर (कुठल्याही तारेशी न बांधलेल्या, राउटरच्या आतल्या आयपीवर) पीअरिंग असेल आणि सेशन येतं-पडतं करत असेल तर पीअरच्या लूपबॅकचा रूट त्याच सेशनमधून तर शिकला जात नाही ना ते बघा. आणि लॉगमध्ये बीजीपीच्या आधी इंटरफेसच डाउन दिसत असेल तर बीजीपीला हात लावूच नका, एसएफपीची (फायबर लावायचा मॉड्यूल) आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, आणि एफसीएस एरर, म्हणजे बिघडून आलेली पॅकेट, बघा, १०जी एलआर ऑप्टिकला साधारण उणे १४.४ डीबीएमपर्यंत सिग्नल लागतो, त्याच्या काठावर असेल तर फायबरवाल्याला बोलवा.

होल्ड टाइम वाढवून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. दोन बाजूंपैकी जो लहान असतो तोच लागू होतो, त्यामुळे एकट्या तुमच्या बाजूला वाढवून काही होणार नाही, आणि दोन्हीकडे वाढवला तर खरंच लिंक मेली तेव्हा ग्राहक तेवढी मिनिटं जास्त अंधारात. उलट कुणी लवकर कळावं म्हणून १०/३० चे टाइमर (दहा सेकंदांनी कीपअलाइव्ह, तीसचा होल्ड टाइम) किंवा कडक बीएफडी (लिंक मेली हे सेकंदाच्या आत ओळखणारी तपासणी) सुचवेल, भरलेल्या कोअरवर ते म्हणजे आगीत तेल. डॅम्पनिंगही (सारखे येणारे-जाणारे रूट काही काळ दाबून ठेवणं) नको, जुन्या डिफॉल्टनुसार दोन-तीन फ्लॅपमध्ये चांगले रूटही दाबले जातात, म्हणूनच २०१४ च्या आरएफसी ७१९६ मध्ये दाबण्याची मर्यादा २००० वरून ६००० वर न्यायला सांगितली.

क्रम असा ठेवा. आज लॉग आणि प्रोफाइल. उद्या रात्री ब्लॅकहोल आणि नेटवर्कच्या नोंदी, त्यानंतरच रीडिस्ट्रिब्यूटची टिक काढायची, उलट केलं तर तुमचा ब्लॉक इंटरनेटवरून गायब होईल. त्याच रात्री डीएनएस आणि विनबॉक्स. अपस्ट्रीमना टेबल कमी करायचा मेल लगेच टाका कारण त्यांच्याकडून व्हायला वेळ लागतो. नवा राउटर सगळ्यात शेवटी, कदाचित एवढ्यावरच भागेल.

टेबल कमी झालं की रात्री तीनच्या सुमारास एक अपस्ट्रीम हातानं डिसेबल करा, प्रोफाइल समोर ठेवा, रूटिंगचा कोअर शंभरवरून खाली यायला किती वेळ लागतो तो मोजा, मग परत एनेबल करून पुन्हा मोजा. हा वेळ होल्ड टाइमपेक्षा खूपच कमी हवा आणि तेवढ्यात दुसऱ्या अपस्ट्रीमचं सेशन हलता कामा नये. त्यानंतर पहिल्यांदा लाइट जाऊन आली की पीअर्समध्ये दोन्ही सेशनचा अपटाइम बघा. एकाचा जरी नव्यानं सुरू झालेला दिसला तर लॉगमधली ती नोटिफिकेशनची ओळ, तिच्या आधीच्या दोन मिनिटांचा लॉग आणि त्या वेळच्या प्रोफाइलचा फोटो मला पाठवा, तिथून पुढे बघू.